पेंडीतील बुरशीचे विष आणि पाण्यात चमकणारे नॅनोकण



कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळा सुरू झाला की गोठ्यात ओल येते. भिंतीला टेकून रचलेल्या पेंडीच्या पोत्यांना ही ओल हळूहळू लागते. पोते फोडल्यावर कुबट वास येतो, पेंडीचे खडे बनलेले दिसतात आणि बोटांना हिरवट भुकटी लागते. पेंड महागाची असल्याने ती टाकून देण्याचे मन होत नाही. "उन्हात टाकू, वाळली की म्हशीला घालू," असे म्हणून ती आंबोणात मिसळली जाते. दुसऱ्या दिवशीच्या धारेत त्या बुरशीचे विष उतरलेले असते. दुधाचा रंग, वास, फॅट यांपैकी कशातही फरक पडत नाही. तेच दूध घरातील लहान मूल पिते आणि उरलेले संस्थेत जाते.

डोळ्याला न दिसणारे हे विष प्रकाशाच्या मदतीने ओळखता येते. त्यासाठी रसायनशास्त्राच्या एका नव्या शाखेचा उपयोग होत आहे. पाण्यात एका रेणूच्या पोकळीत दुसरा रेणू बसवून चमकणारे अतिसूक्ष्म कण तयार करणे, असे हे तंत्र आहे. त्याचा पाया समजून घेतला तर दूध, धान्य व पाणी यांची तपासणी कशी होते हे कळते. तसेच तपासणीवर किती विसंबावे आणि आपल्या हातात काय आहे, हेही कळते.

विषाची ओळख

ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी भुईमूग, मका, सरकी व त्यांच्या पेंडीवर वाढतात. त्या जे विष तयार करतात त्यास अफलाटॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीत हे विष होते, असे तपासाअंती आढळून आले. आपल्या देशात १९७४ च्या अखेरीस राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात ओलसर राहिलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने १०० हून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतील उष्टे खाणाऱ्या कुत्र्यांनाही तीच लक्षणे दिसली होती.

या विषाचे मुख्य प्रकार बी-१, बी-२, जी-१ व जी-२ असे आहेत. जंबुपार (अतिनील) दिव्याखाली धरल्यावर बी प्रकार निळे चमकतात व जी प्रकार हिरवे. निळ्या व हिरव्या रंगाच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरेच या विषांना मिळाली आहेत. सर्वांत घातक असलेले बी-१ जनावराच्या पोटात गेले की यकृतात त्याचे एम-१ मध्ये रूपांतर होते व ते दुधात उतरते. खाल्लेल्या बी-१ पैकी साधारणपणे १ ते २ टक्के भाग दुधात येतो. जास्त दूध देणाऱ्या गायींत हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दूध उकळून किंवा पाश्चरीकरण करून हे विष जात नाही. ते यकृतास अपाय करते आणि कर्करोगास कारणीभूत ठरते.

दुधात एम-१ किती असावे याची मर्यादा भारतात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम अशी ठरविलेली आहे. म्हणजे सुमारे २० लाख लिटर दुधात अवघा १ ग्रॅम. एवढे थोडे विष तराजूने मोजता येणार नाही. ते शोधण्यासाठी त्याची चमकच उपयोगी पडते.

प्रतिदीप्ती म्हणजे काय?

काही पदार्थ न दिसणारे जंबुपार किरण शोषून घेतात आणि लगेच दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणास प्रतिदीप्ती किंवा फ्लोरोसन्स म्हणतात. दुकानात नोट तपासण्याच्या दिव्याखाली नोटेवरील क्रमांक व बारीक तंतू चमकतात, ते याच कारणाने. धुण्याच्या पावडरीत घातलेल्या द्रव्यामुळे पांढरा शर्ट अशा दिव्याखाली निळसर उजळतो. पानातील हरितद्रव्य स्पिरिटमध्ये काढले तर ते लाल चमकते, आणि हळदीतील कुरकुमीन पिवळे-हिरवे चमकते. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने या गुणास फ्लोरोसन्स हे नाव दिले.

मात्र, चमकणारा रेणू प्रत्येक ठिकाणी सारखाच चमकत नाही. शोषलेली शक्ती प्रकाश म्हणून बाहेर पडण्याआधीच वाया जाण्याच्या अनेक वाटा असतात. रेणूचे हात मोकळे फिरत असतील किंवा पाण्याचे रेणू त्याला सारखे धडकत असतील, तर ती शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पाटाला जागोजागी भगदाडे असली की मोटार कितीही चालवा, टोकाच्या सरीला पाणी पोचत नाही. तसेच हे आहे. भगदाडे बुजविली की त्याच मोटारीच्या पाण्यात टोकाची सरीही भिजते. रेणूला आधार देऊन त्याच्या शक्तीची गळती थांबविली की तोच रेणू जास्त चमकतो.

यजमान रेणू आणि पाहुणा रेणू

हा आधार देण्याचे काम 'यजमान' रेणू करतो. यजमान म्हणजे मध्ये पोकळी असलेला रेणू, आणि त्या पोकळीत येऊन बसतो तो 'पाहुणा'. दोघांमध्ये पक्का रासायनिक बंध होत नाही. पाहुणा येतो, बसतो आणि परिस्थिती बदलली की जातोही. रेणूंच्या अशा सहवासाचा अभ्यास करणाऱ्या शाखेचा पाया घातल्याबद्दल पेडरसन, क्रॅम व लेन या तीन शास्त्रज्ञांना १९८७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

शेतकऱ्यास सर्वांत जवळचा वाटेल असा यजमान म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. तो मका किंवा बटाट्याच्या पिठूळ भागापासून, म्हणजे स्टार्चपासून, जिवाणूंच्या विकराच्या साहाय्याने तयार करतात. १८९१ साली व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञास तो प्रथम मिळाला. ग्लुकोजचे ६, ७ किंवा ८ घटक गोलाकार जोडले जाऊन त्याची कडी बनते. त्यांना अनुक्रमे अल्फा, बीटा व गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. डोक्यावर घागर ठेवण्यासाठी चुंबळ करतात, तशी ही कडी दिसते. फरक एवढाच, की तिचे एक तोंड रुंद व दुसरे थोडे निमुळते असते. बीटा प्रकाराच्या पोकळीची रुंदी सुमारे ०.६ नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय.

दुसरा यजमान म्हणजे कुकरबिटुरिल. त्याचा आकार तांबड्या भोपळ्यासारखा, आपल्याकडील डांगरासारखा असल्याने भोपळावर्गीय पिकांच्या शास्त्रीय कुळावरून त्याला हे नाव पडले.

यजमान-पाहुणा जोडीचा शेतमालातील उपयोग नवा नाही. फळे पिकविणाऱ्या इथिलीन वायूचे काम रोखणारा एक वायू अल्फा सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कडीत कोंडून त्याची पूड विकली जाते. पूड पाण्यात टाकली की वायू बाहेर पडतो व बंद कोठीतील सफरचंदे जास्त दिवस टणक राहतात.

हे सर्व पाण्यातच का घडवितात?

सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कडीची बाहेरची बाजू पाण्याशी जुळवून घेते, आतली बाजू मात्र पाण्यापासून फटकून असते. आत अडकलेल्या पाण्याच्या थोड्या रेणूंना तेथे स्वस्थता नसते. कुरकुमीन किंवा अफलाटॉक्सिनसारखा, पाण्यात नीट न विरघळणारा पाहुणा आला की आतले पाणी बाहेर पडते आणि त्याची जागा पाहुणा घेतो. दोघांचीही सोय होते. ही ओढ पाण्यामुळेच निर्माण होते. तेलात किंवा स्पिरिटमध्ये पाहुण्याला घराची एवढी गरज भासत नाही.

अफलाटॉक्सिन बी-१ व जी-१ यांची चमक पाण्यात मंदावते. बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कडीत शिरल्यावर पाण्याचा मार कमी होतो व त्यांची चमक कितीतरी वाढते. प्रयोगशाळांमध्ये एच.पी.एल.सी. यंत्रावर हे विष मोजताना चमक वाढविण्यासाठी या कडीचा वापर करण्याची पद्धत आहे. मक्याच्या धान्यावर वाढणाऱ्या विषाला पकडण्यासाठी मक्याच्याच स्टार्चची कडी उपयोगी पडावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चमकणारे नॅनोकण कसे तयार होतात?

साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. मनुष्याच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना येईल. यजमान-पाहुणा पद्धतीने ते मुख्यतः तीन प्रकारे तयार करतात.

१) आपोआप जुळणी : चमकणाऱ्या पाहुण्याला कडी अडकविली की त्या जोडीचे एक टोक पाण्याला धरून राहते व दुसरे पाणी टाळते. अशा अनेक जोड्या पाण्यात एकत्र येऊन त्यांचा गोळा बनतो.

२) गर्दीत चमकणारे रेणू : बहुतेक चमकणारे रेणू एकमेकांना चिकटले की त्यांची चमक विझते. दाट लावणीत ऊस बारीक राहतो, त्यातलाच हा प्रकार. परंतु काही रेणू याच्या उलट वागतात. सुटे असताना त्यांचे हात फिरत राहतात व ते अंधारे दिसतात. एकत्र दाबले गेले की हात जखडले जातात व ते उजळतात. २००१ साली बेन झोंग तांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण मांडल्यापासून अशा रेणूंना यजमानात बसवून पाण्यात चमकणारे कण करण्यावर पुष्कळ काम झाले आहे.

३) कणावर कड्या बसविणे : आधी चमकणारा कण तयार करून त्याच्या पृष्ठभागावर सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कड्या जोडतात. यासाठी कार्बनचे नॅनोकण सोयीचे पडतात. ते साखर, उसाचा रस, चिपाड अशा पदार्थांना उष्णता देऊन बनविता येतात. २०१२ साली गुवाहाटी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तर ब्रेड, गूळ व करपविलेल्या साखरेतही असे चमकणारे कार्बनकण असल्याचे दाखवून दिले. म्हणजे गुऱ्हाळाच्या काहिलीत हे कण पूर्वीपासूनच तयार होत आले आहेत. आपल्याला त्यांची ओळख तेवढी उशिरा झाली.

शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर येथील रसायनशास्त्र अधिविभागातही प्रतिदीप्तीवर संशोधन होते. पाण्यात विखुरलेले चमकणारे सेंद्रिय नॅनोकण तयार करून त्यांच्या साहाय्याने धातूंचे आयन व इतर पदार्थ ओळखण्याचे काम तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केले आहे.

या कणांनी तपासणी कशी होते?

तपासणीचा संकेत चमकेतील बदलातून मिळतो. त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

अ) चमक लागते : शोधायचा पदार्थ स्वतःच पाहुणा होऊन कडीत बसतो व उजळतो. वर सांगितलेले अफलाटॉक्सिन बी-१ हे याचे उदाहरण आहे.

आ) चमक विझते : पाण्यातील एखादा धातूचा आयन चमकणाऱ्या कणाला चिकटला की कण अंधारतो. किती अंधारला यावरून आयनचे प्रमाण काढता येते.

इ) पाहुणा बदलतो : यजमानाच्या पोकळीत आधी एक चमकणारा रंग बसविलेला असतो. त्या पोकळीत अधिक घट्ट बसणारा पदार्थ आला की रंगाला बाहेर पडावे लागते व चमक बदलते. पॅराक्वाट हे तणनाशक कुकरबिटुरिलच्या पोकळीत फार घट्ट बसते. हे तणनाशक पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही, म्हणून ते ओळखण्याच्या अशा पद्धतींवर संशोधन झाले आहे.

यांपैकी नॅनोकणांचे बरेच काम आज प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे. दुधाची नेहमीची चाचणी प्रतिपिंडावर आधारलेल्या पट्ट्या व संचांनी होते आणि खात्रीची मोजणी एच.पी.एल.सी. सारख्या यंत्रावर होते. त्यामुळे 'नॅनो' या नावाने कोणी काही विकावयास आणल्यास ते नेमके काय मोजते, किती प्रमाणापर्यंत मोजते आणि ते कोणी तपासून पाहिले आहे, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

घरी किंवा शाळेत करून पाहण्याचा प्रयोग

नोट तपासण्याचा जंबुपार दिवा, चांगली हळद, तीन काचेचे ग्लास, सर्जिकल स्पिरिट व थोडा बिनरंगी शांपू घ्यावा.

१) पहिल्या ग्लासात साधे पाणी, दुसऱ्यात पाणी व चमचाभर शांपू आणि तिसऱ्यात थोडे स्पिरिट घ्यावे.
२) हळद घालण्यापूर्वी तिन्ही ग्लास अंधारात दिव्याखाली पाहावेत. शांपू स्वतःच चमकत असल्यास दुसरा घ्यावा.
३) प्रत्येकात चिमूटभर हळद घालून ढवळावे व गाळ बसू द्यावा.
४) पुन्हा अंधारात दिव्याखाली पाहावे.

साध्या पाण्यातील हळद मंद दिसेल व स्पिरिटमधील हळद पिवळी-हिरवी उजळेल. शांपूच्या पाण्यातही साध्या पाण्यापेक्षा जास्त चमक दिसेल. शांपूचे रेणू पाण्यात पुंजके करतात व कुरकुमीनला त्यांच्या पोटात आसरा मिळतो. हे पुंजके काही नॅनोमीटर आकाराचेच असतात. सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी हेच काम एकट्या रेणूने करते. प्रयोग करताना दिव्याकडे थेट पाहू नये व स्पिरिट विस्तवापासून दूर ठेवावे.

दिव्याखाली मका पाहून निर्णय घेऊ नये

भरडलेला मका जंबुपार दिव्याखाली पाहिल्यास काही कण तेजस्वी पिवळे-हिरवे चमकतात. ही चमक अफलाटॉक्सिनची नसते. ती त्याच बुरशीने तयार केलेल्या दुसऱ्या पदार्थापासून येते. त्यामुळे चमक दिसली तर संशय घ्यावा व नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. चमक दिसली नाही म्हणून मका निर्धोक आहे, असे मात्र कधीही समजू नये.

नमुना कसा घ्यावा?

हे विष मालात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. पोत्यातील थोडेच दाणे विषारी असतात, पण त्यांत विष फार असते. एकाच मुठीतील नमुना घेतल्यास चाचणीचे निदान चुकते. याकरिता वेगवेगळ्या पोत्यांच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून निदान १० ते १५ ठिकाणचा थोडा थोडा माल घ्यावा व तो एकत्र मिसळावा. त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग ठेवावेत व दोन काढून टाकावेत. साधारण एक किलो उरेपर्यंत असे करावे. नमुना कोरड्या कागदी किंवा कापडी पिशवीत भरून त्यावर मालाचे नाव व तारीख लिहावी. यंत्र कितीही चांगले असले तरी चुकीच्या नमुन्याचे उत्तर चुकीचेच येते.

विष तयार होऊ नये म्हणून काय करावे?

१) भुईमुगाला शेंगा भरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नये. काढणी वेळेवर करावी.
२) काढणीत फुटलेल्या, किडलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. बुरशी जखमेतूनच आत शिरते.
३) शेंगा ८ टक्के व मका १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा. परतीच्या पावसात ओले वेल ढीग करून ठेवू नयेत.
४) पेंडीची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून एक फूट अंतरावर रचावीत. पत्रा गळत नाही याची खात्री करावी.
५) पावसाळ्यात गरजेपुरतीच पेंड आणावी. आधी आणलेले पोते आधी संपवावे.
६) कुबट वासाची, खडे झालेली पेंड कोणत्याही जनावरास घालू नये. ती चांगल्या पेंडीत मिसळू नये. उन्हात वाळविल्याने बुरशीची वाढ थांबते, पण तयार झालेले विष तसेच राहते.
७) गव्हाण व आंबोणाची पाटी रोज स्वच्छ करावी. तळाशी राहिलेल्या चिकट थरात बुरशी वाढते.
८) चुकून असे खाद्य दिले गेल्यास ते ताबडतोब बंद करावे. साधारणपणे ३ ते ४ दिवसांत दुधातील विषाचे प्रमाण खाली येते. जनावराची भूक मंदावल्यास किंवा दूध घटल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

समारोप

बंधू-भगिनींनो, एका कडीत एक रेणू बसतो आणि अंधारात असलेले विष उजळते, हे विज्ञानाचे मोठे यश आहे. पुढील काळात अशा चाचण्या दूध संकलन केंद्रापर्यंत पोचल्या तर त्यांचे स्वागतच करावे. परंतु चमक आपल्याला फक्त सांगते की विष आहे. ते दुधातून काढून टाकण्याचे काम ती करत नाही. ते काम पेंडीच्या पोत्याखाली फळी घालणारा, शेंगा नीट वाळविणारा व बुरशीचे खाद्य बाजूला काढणारा शेतकरीच करू शकतो. एक पोते पेंड फेकताना होणारे नुकसान दिसते. ते न फेकल्याने होणारे नुकसान दिसत नाही, पण ते आपल्याच घरातील लहान मुलाच्या पेल्यात असते. हे ध्यानात घेऊन या पावसाळ्याआधीच आपल्या गोठ्यातील पेंडीची जागा एकदा तपासून पाहावी.